बाटलीच्या होल्डरचा नट

मित्रांनो, गॅरेजच्या भिंतीला टांगलेली ही काळी वस्तू म्हणजे मी. चाके नाहीत, हँडल नाही. मी सायकलची एक जुनी कार्बन फ्रेम आहे.

माझा जन्म तैवानमधल्या तायचुंगचा. कार्बनच्या धाग्यांचे काळे कापड साच्यात थरावर थर लावून, त्यात राळ मुरवून मला भट्टीत भाजले. मग माझ्या खालच्या नळीला दोन भोके पाडली आणि त्यांत ॲल्युमिनियमचे दोन लहान नट दाबून बसवले. पाण्याच्या बाटलीचा होल्डर तिथे स्क्रूने लागतो. बाकी सारे अंग माझे होते. ते दोन नट मात्र परके.

समुद्रकाठच्या थिरूल गावी मला गॅरेथ प्रॉसरने घेतले. तो बंदरावर क्रेन चालवायचा. म्हातारी आई ऑल्विन, धाकटी बहीण ब्रॉनवेन आणि तो, असे तिघे एका घरात राहत. ब्रॉनवेन ऑस्टिनमरला, खडकात बांधलेल्या समुद्राच्या तलावात मुलांना पोहायला शिकवायची. तिची सायकल लोखंडी होती. मी घरी आले त्या दिवशी तिने मला एका बोटावर उचलून पाहिले.

"सायकल हलकी झाली तुझी," ती भावाला म्हणाली. "आता तू हो."

ते माझे चांगले दिवस होते. कॉफीच्या दुकानाबाहेर लोक माझ्याभोवती जमत. दर शनिवारी दोघे भावंडे बुलीचा घाट चढत आणि उतरत.

पण मित्रांनो, चढावर गॅरेथचा घाम टपटप त्या नटांवर पडे, आणि समुद्राचा वाराही खारा. खारे पाणी मिळाले की कार्बनला टेकलेले ॲल्युमिनियम गंजते. नटांभोवती पांढरी भुकटी दिसू लागली. गॅरेथने ती फडक्याने पुसली. पुढे एकदा तो स्क्रू आवळायला गेला, तर खालचा नटच जागच्या जागी गरगर फिरला. होल्डरचा सारा भार वरच्या नटावर आला.

"तुझी बाटली खडखडतेय," ब्रॉनवेन म्हणाली.

"खडखडू दे. बाटली आहे ती, ब्रेक नाही."

"दुकानात दाखव ना एकदा."

"दाखवली की आठवडाभर ठेवून घेतील. तेवढ्यात तू माझ्यापुढे जाशील."

"मी तशीही जाणारे, म्हाताऱ्या."

पुढच्या शनिवारी निघण्याआधी गॅरेथने खालच्या नटात ट्यूबमधला उग्र वासाचा डिंक भरला. खडखड थांबली. मी गप्प झाले, म्हणजे बरी झाले, असे त्याला वाटले.

घाट उतरताना एका खड्ड्यात मी आदळले. डिंक सुटला. वरच्या नटाभोवतीचे माझे थर टरकन फाटले, आणि भरलेल्या बाटलीसकट होल्डर निखळून रस्त्यावर पडला. ब्रॉनवेन अगदी मागे होती. तिचे पुढचे चाक त्याच्यावर चढले. मला फक्त आवाज ऐकू आला. गॅरेथने ब्रेक दाबले, मला टाकून तो मागे धावला.

त्या दिवसापासून ब्रॉनवेनला कमरेखाली काही जाणवत नाही.

घराच्या पुढच्या दाराला पायऱ्या होत्या. म्हणून इस्पितळातून आल्यावर तिची चाकांची खुर्ची गॅरेजमधून आत नेऊ लागले. एके दुपारी ती माझ्यासमोर थांबली. गॅरेथ मागे उभा होता.

"आईला तू वॉलबी कांगारू आडवं आलं म्हणून सांगितलंस," ती म्हणाली.

"हो."

"मीही काही बोलले नाही. पण होल्डर पडताना मी पाहिलाय, गॅरेथ. माझ्याशी तरी खरं बोल."

"डिंक लावला होता," तो म्हणाला.

"माहितेय. सकाळी वास आला होता मला. मला वाटलं, दुसरंच काहीतरी चिकटवतोयस." तिने खुर्ची वळवली. "आईला तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

त्याने संध्याकाळी सांगितले. आत कुणाचाही आवाज चढला नाही. थोड्या वेळाने ऑल्विन गॅरेजमध्ये आली, तिच्या मागून गॅरेथ. ती माझ्याजवळ आली आणि तिने फाटलेल्या भोकात करंगळी घातली.

"एवढंच?" तिने विचारले.

"एवढंच, आई."

तिने दिवा घालवला आणि ती आत गेली. तो अंधारात तसाच उभा राहिला. पुढच्या महिन्यात तो बंदराजवळ खोली घेऊन राहू लागला. रविवारी जेवायला येतो. ऑल्विन ताट वाढते, बोलत नाही. बोलते ती ब्रॉनवेन, तीही हवापाण्याचे.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना बोलता येत नाही. आम्ही खडखडतो, करकरतो, पांढऱ्या पडतो. तेव्हा आम्हाला गप्प करू नका. उघडून पाहा, आणि जमत नसेल तर जाणत्याच्या हाती द्या. वापरणारा सावरतो, घरी पोचतो. त्याच्या मागून येणाऱ्याचे तसे नसते.