आबांचा शेरा

सासरे आणि सून यांचं पटत नाही, हे लिफ्ट दुरुस्तीच्या त्या कंपनीत शिपायापासून मालकापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मालकांनी सगळा डाव त्याच भरवशावर मांडला होता.

आबा कंपनीतले सगळ्यात जुने मेकॅनिक. माणूस भांडकुदळ, पण कामाला चोख. कंपनीचं ऑफिस ज्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं, तिच्याच लिफ्टच्या तपासणीत त्यांनी शेरा मारला: "ब्रेक झिजलाय. लिफ्ट थांबल्यावर खाली घसरते. बंद ठेवा." इमारत मालकांच्या साडूची. साडूला खर्च नको होता, मालकांना साडूशी वाकडं नको होतं. लिफ्ट चालूच राहिली आणि मालकांनी आबांना घरी बसवलं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, अशी आवई मालकांनी उठवली. ज्यांना आबांनी बोट धरून काम शिकवलं, त्यांनीही माना डोलावल्या.

घरी बसलेले आबा म्हणजे सुनेच्या डोक्याला ताप. ती लोकांच्या सॉफ्टवेअरसाठी डेटाबेस बसवून द्यायची. आबा तिच्या पाठीशी उभे राहून पंख्याच्या वेगापासून तिच्या बसण्यापर्यंत सगळ्यात खोट काढत. ती सव्याज परत करी. म्हणूनच कंपनीचं नवं सॉफ्टवेअर यायचं ठरलं तेव्हा डेटाबेसचं काम मालकांनी तिला दिलं. "घरचीच मुलगी आहे," म्हणाले. किती गोड तो आवाज!

"काम घे," आबा म्हणाले, "पण त्या लिफ्टमध्ये पाय ठेवशील तर बघ."

"मग काय, सगळे मजले चढत जाऊ?"

"चढ की. जरा बारीक होशील."

ती तणतणली, आणि रोज जिन्यानेच चढली. रोज तिला जिन्यात धापा टाकणारे मालक भेटत. "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय," असं ते कोणी न विचारताच सांगत.

सर्व्हरला जागा दिली होती ती झाडू आणि फुटक्या खुर्च्यांच्या खोलीत. तिने धूळ झटकली, मशीनवर डेटाबेस टाकला, सुरू करून पाहिला, कोणीही ओळखेल असा आयता पासवर्ड आधी बदलला. मग तक्ते आखले: एक लिफ्टचा, एक मेकॅनिकचा, एक तपासणीचा. तिन्ही एकमेकांना बांधले. तपासणी कुठल्या लिफ्टची आणि ती केली कोणी, हे सांगितल्याशिवाय नोंद होणारच नाही, अशी ती बांधणी होती. उद्या कोणी मेकॅनिकचं नाव पुसायला गेलं तर त्याच्या तपासण्यांचं काय करायचं, हेही डेटाबेसला आधीच सांगून ठेवावं लागतं. त्याही पुसायच्या, की नाव पुसूच द्यायचं नाही? तिने पुसू न देणं निवडलं. ज्याने काम केलं त्याचं नाव कामाबरोबर राहावं, एवढंच तिच्या मनात होतं.

जुन्या तपासण्या भरताना आबांचे शेरे तिच्या डोळ्यांखालून गेले. तिथेही म्हातारा भांडत होता: "मागेही सांगितलं होतं. ऐकलं नाही. आता तरी कान उघडा." तिला खुदकन हसू आलं. मग या इमारतीचा शेरा आला. त्यात भांडण नव्हतं, टोमणा नव्हता. आबा भांडत नाहीत म्हणजे ते घाबरलेत, हे तिला एकटीला कळत होतं.

काम संपलं त्या दिवशी मालक खुर्ची ओढून शेजारी बसले.

"छान झालंय. आता यातून आबांना काढून टाक. या इमारतीच्या लिफ्टची परवानगी नव्याने घ्यायचीय, तिचा कागद यातूनच निघणार. तो शेरा मला कागदावर नकोय."

"ते निघायचे नाहीत."

मालकांनी माउस हिसकावला आणि आबांच्या नावावर जाऊन स्वतःच बटण दाबलं. पडद्यावर ओळ आली: हे नाव पुसता येणार नाही, त्याच्याशी तपासण्या जोडलेल्या आहेत.

"हे काय? मशीन मला अडवतंय?"

"मशीन कशाला अडवेल? मी अडवलंय."

"मग त्या तपासण्या माझ्या भाच्याच्या नावावर टाक. शेरा तो बदलून देईल."

"भाचा कधी गच्चीवरच्या लिफ्टच्या मशीनखोलीत चढलाय का? लिफ्टचं बटण दाबण्यापलीकडे त्याला काय येतं?"

मालक लालबुंद झाले. "सासऱ्याचा पुळका आलाय होय? घरी तर रोज उभा दावा असतो."

"असतो. आजही घरी गेल्यावर भांडेन. म्हणून काय त्यांचं खरं खोटं करू?"

"तुझ्यासारखे छप्पन मिळतात. दुसरा कोणी येऊन चुटकीसरशी करून देईल."

हे खरं होतं, म्हणूनच तिला झोंबलं. तिने घातलेली गाठ दुसरा सोडवू शकत होता. कागद निघाला असता आणि माणसं बिनघोर त्या लिफ्टमध्ये चढत राहिली असती. ती ताडकन उठली, रिसेप्शनसमोरून तरातरा लिफ्टपाशी गेली आणि बटण दाबलं. मालक मागोमाग आले. लिफ्ट आली, दार उघडलं आणि लिफ्ट घसरून मजल्याच्या वीतभर खाली टेकली.

"चला मालक, बसा. एकटेच खाली जा. सुखरूप पोचलात की आबांचं नाव मी माझ्या हाताने पुसते."

तिने हे ठणकावून सांगितलं खरं, पण हा बाबा हट्टाने आत शिरलाच तर कॉलर धरून मागे खेचायचं, असं ठरवून ती अगदी जवळ उभी राहिली.

मालकांनी त्या वीतभर फटीकडे पाहिलं. "मला... डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"उतरताना एक दिवस नाही चाललात तर डॉक्टर रागावतील?"

रिसेप्शनवरची बाई पर्स घेऊन घरी निघाली होती. गुडघे दुखतात म्हणून ती रोज याच लिफ्टने जायची, आणि आबांना खुळा म्हणणाऱ्यांत तिचाच आवाज मोठा होता. ती जागीच थबकली.

"अगं बाई! तुम्ही रोज जिन्याने येता, ते यासाठी?"

मालक खाली मान घालून जिना उतरू लागले. बाईने पर्स टेबलावर आपटली, आपली खुर्ची ओढत आणली आणि लिफ्टच्या उघड्या दारात आडवी टाकली. "आता बघतेच कोण चढतं ते," ती म्हणाली, इतक्या मोठ्याने की खालच्या मजल्यांवरची दारं उघडली. मग सुनेकडे वळून हळूच म्हणाली, "आबांना बोलाव ना गं. ते सांगतील ना सगळ्यांना, काय झालंय ते?"

सुनेने फोन लावला.

"लिफ्टमध्ये पाय ठेवलास?" आबांनी पहिलं हेच विचारलं.

"नाही ठेवला. या इकडे, लोक बोलावतायत."

पलीकडून घसा खाकरल्याचं ऐकू आलं. "एवढे मजले चढवणार होय मला, या वयात?"

"चढा की," ती डोळे पुसत म्हणाली, "जरा बारीक व्हाल."