त्रेचाळीस धावा आणि चौथं मशीन

माझी बायको सुमन गेली हे कळलं तेव्हा मी उदगीरला, घरच्या नळापुढं बसलो होतो. अठरा दिवसांनी त्या दिवशी पाणी येणार होतं. ती नांदेडला दवाखान्यात होती आणि पाणी भरायला तिनंच मला घरी पाठवलं होतं. निघताना म्हणाली, "माझी मॅच पुसू नका. घरी आले की त्रेचाळीस काढते." दुपारी लेकीचा, सिंधूचा फोन आला. नळ त्यानंतर तासाभरानं आला. मी भरलं नाही.

मॅचचं सांगतो. सिंधू लग्न होऊन नांदेडला गेली आणि तिचं प्लेस्टेशन टू, टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन, आमच्याकडं राहिलं. सुमन अंगणवाडीतून रिटायर झाली आणि त्यावर क्रिकेट खेळायला लागली. तिला पाच दिवसांची कसोटीच लागायची. रोज थोडी खेळायची आणि उरलेली मॅच काडेपेटीएवढ्या काळ्या कार्डात साठवून ठेवायची. मी शेजारी शेंगा सोलत बसायचो. या मॅचमध्ये भारताला त्रेचाळीस धावा पाहिजे होत्या आणि दोन विकेट हातात होत्या.

आमच्या जलदान विधीत गेलेल्या माणसाच्या नावानं वाटी भरून सांडेपर्यंत पाणी ओततात. सुमनच्या वेळी भंतेजींनी वाटीच लहान घेतली. मग अमृतराव बोलायला उठले. ते उदगीर जिल्हा व्हावा म्हणून काढलेल्या समितीचे अध्यक्ष. उदगीर जिल्हा झाला की पाणी आपोआप येईल, आणि तीच सुमनताईंना खरी श्रद्धांजली, असं म्हणाले. काही जणांनी टाळ्यांसाठी हात उचलले, कुठं बसलोय ते आठवलं आणि परत मांडीवर ठेवले.

मी कचेरीत शिपाई होतो. ब्याऐंशीला उस्मानाबादेतून लातूर जिल्हा निघाला तेव्हाही भाषणं अशीच होती. लोक मला विचारायचे, आमचा जुना कागद नव्या जिल्ह्यात चालंल का. मी साहेबांना विचारायचो. साहेब म्हणायचे, बघू.

पाहुणे गेल्यावर जावई रामकिशनराव मोठा खोका घेऊन आले. मातीच्या दिवशी ते जुनं मशीन साफ करून आणतो म्हणून घेऊन गेले होते. ते नांदेडच्या दुकानात देऊन त्यांनी नवं, चौथं म्हणजे प्लेस्टेशन फोर आणलं होतं. मला एकटं वाटू नये म्हणून. आमच्यात जावयानं आणलेल्या वस्तूला नावं ठेवत नाहीत. मी चांगलं आहे म्हणालो.

त्यांनी फरक समजावून सांगितला. पहिल्या मशीनमध्ये माणसाचं तोंड म्हणजे चौकोनी डबा होता. दुसऱ्यात त्याला नाक फुटलं. तिसऱ्यात घाम यायला लागला. चौथ्यात गवताची पाती न् पाती वेगळी दिसते, वारा आला की हलते. बराच वेळ आम्ही दोघं गवत बघत बसलो. बाहेर शेजारच्या व्यंकटीची देवणी गाय त्याच मशीनचा खोका चघळत होती.

मग मी विचारलं, "जुन्यातलं कार्ड कुठंय?"

"त्याच्यासंगच गेलं मामा. नव्यात ते बसत न्हाई. खाचच न्हाई त्याला."

"मंग त्यात जे हाय, ते?"

"नव्यात पहिल्यापासून सुरू करायचं. लई सोपं हाय."

मी बघू म्हणालो. साहेबांसारखंच.

दुसऱ्या दिवशी त्यांना न सांगता नांदेडची एसटी धरली. दुकानदारानं एक पुठ्ठ्याचं खोकं पुढं केलं. त्यात तसली साठ-सत्तर काळी कार्डं होती. यातलं तुमचं कोणतं, असं त्यानं विचारलं. पोलिओच्या डोसानंतर सुमन लेकरांच्या करंगळीवर पेनानं खूण करायची, आणि तो पेन घरातल्या डब्यांवर, चपलांवर, सगळीकडं चालवायची. कोपऱ्यावर तसली जांभळी रेघ असलेलं कार्ड तळाला सापडलं. मशीन मात्र राहिलं नव्हतं. त्याचे भाग दुसऱ्या तीन मशीनमध्ये गेले होते.

स्टँडवर रामकिशनराव आले. दुकानदारानंच फोन केला असावा.

"मला सांगायचं नं मामा."

"जावयाला काय सांगायचं."

ते माझी पिशवी घेऊन, मी गाडीत बसेपर्यंत उभे राहिले.

उदगीरला उतरलो तर अमृतराव भेटले. नांदेडला का गेलो होतो ते ऐकून म्हणाले की उदगीर जिल्हा झाला की असलं दुकान इथंच निघेल.

महिन्याभरानं रामकिशनरावांनी कुठून तरी जुनं, दुसऱ्या नंबरचं मशीन शोधून आणलं. टीव्हीला जोडलं, कार्ड घातलं. मॅच होती तिथंच होती. गवत नुसतं हिरवं, खेळाडूंची तोंडं सारखी. जावई म्हणाले, खेळा. मी बटणं हातात घेतली आणि खाली ठेवली. मला खेळता येत नाही. दोन्ही विकेट गेल्या तर मॅच संपेल.

चौथं मशीन कपाटावर झाकून ठेवलंय. दुसरं मी रोज लावतो, आकडा बघतो आणि बंद करतो. उदगीर अजून जिल्हा झालेला नाही. त्रेचाळीस धावा काढायच्या राहिल्या आहेत.