खर्जातली लुवीनिया

अलाबामाच्या तांबड्या मातीवर शरद उतरला होता. कापसाची बोंडं उमलली होती. क्षितिजापर्यंत शुभ्र, क्षितिजापलीकडेही शुभ्र. जणू दमलेले मेघच भुईवर विसावले होते. त्या शुभ्रतेच्या काठाशी, लाकडी घराच्या ओसरीत, लुवीनिया प्रॅट गळ्याला रुमाल गुंडाळून बसली होती. निःशब्द. शस्त्रक्रियेनंतरच्या पाषाणजड मौनात.

एके काळी हा कंठ मधाळ होता, ज्वालामय होता. चर्चमधली प्रार्थना आणि विरहिणीची तडफड एकाच श्वासात नांदवणारं ते सोल संगीत, काळ्यासावळ्या कष्टकऱ्यांचं, घामाचं, आसवांचं गाणं, गात ती गावोगाव हिंडली. धुरकट नृत्यगृहांत गायली, गळक्या छपरांखाली गायली. शेजारी ऑर्गनवर तिचा नवरा, एमेट. एक तबकडी निघाली, आसपासच्या रेडिओंवर उन्हाळाभर दरवळली. मग उन्हाळा सरला. तबकडीची कंपनी बुडाली, मोठ्या शहरांनी बोलावलं नाही. कीर्ती दारावरून गेली, दार न वाजवता.

लुवीनियाने फारशी खंत केली नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात मक्याचे पाव भाजले, रविवारी चर्चमध्ये गायली. बारशाला गायली, मयतीला गायली. त्या गावाला दुसरा गळाच नव्हता.

आणि त्याच गळ्यात गाठ आली.

गाठ काढल्यावर डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. जीव वाचला, स्वराचं सांगता येत नाही, म्हणाले. जखम भरली, मौनाची मुदत संपली, बोलायला हरकत नाही असंही त्यांनी कळवलं. तरी लुवीनिया बोलेना. ओठांशी आलेला श्वास ती माघारी वळवी. न गायलेला स्वर निदान मेलेला नसतो, एवढाच तिचा आधार होता.

एमेटने एका शब्दाने विचारलं नाही. सकाळी ऑर्गनवरची धूळ पुसायची, झाकण मिटायचं, परसात निघून जायचं. आपण वाट पाहतोय हे तिला कळू नये म्हणून तो जपत होता. तिला कळत होतं.

त्या दिवशी ऊन केशरी होतं, कोवळं होतं. परसात भोपळ्याचे वेल आवरता आवरता एमेट नकळत गुणगुणू लागला. तिचंच गाणं, रेडिओवरचं. जन्मभर बोटांनी गायलेला माणूस. गळ्याने ठार बेसूर. पहिली ओळ घसरली. दुसरी कोसळली. तिसऱ्या ओळीशी लुवीनियाला राहवेना. भय विसरून, डॉक्टर विसरून, स्वतःला विसरून तिने ती ओळ उचलली आणि जागेवर ठेवली.

स्वर आला. पण पूर्वीचा नव्हे. खोल, सावळा, खर्जातला. विहिरीच्या तळातून वर आलेल्या पाण्यासारखा गार.

एमेट वेल हातात घेऊन तसाच उभा राहिला. "लुवी?"

"चुकत होतास तू," ती म्हणाली. मग गळ्यावर हात ठेवून, हळूच, "खाली उतरलाय रे. पण माझाच आहे."

त्याने मातीचे हात पँटला पुसले, घरात आला, ऑर्गनचं झाकण उघडलं. बोटं पट्ट्यांवरून खाली खाली सरकली आणि तिच्या नव्या स्वराशी येऊन टेकली. लुवीनिया गाऊ लागली.

बाहेर कच्च्या रस्त्यावरून चाललेला एक ट्रक मंदावला. चालकाने इंजिन बंद केलं. धूळ खाली बसली, वारा पानांत निजला. आणि तो संथ, सावळा स्वर उन्हातून वाहत राहिला, नुसता वाहत राहिला.