अंगठ्यावर उभं वाचनालय

मनुष्य हा यंत्राचा स्वामी आहे आणि राहील. हे मी चांगल्या खणखणीत आवाजात म्हणालो होतो. पण त्या वेळी मी लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात टेबलाखाली पुठ्ठ्यावर बसलो होतो आणि माझा अंगठा यंत्राच्या ताब्यात होता. त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही.

झालं असं, की सकाळी सूनबाईच्या लॅपटॉपवर जांभळे पट्टे उमटले आणि दुपारी तिची नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती. नातीच्या जन्मापासून घरी असलेल्या तिला आलेलं हे पहिलंच बोलावणं. ती इमारतींचे आराखडे करणारी; तिनं कॉम्प्युटरवर एक अख्खं वाचनालय उभं केलं होतं आणि मुलाखत घेणाऱ्यांना त्यातून जिन्याबिन्यासकट हिंडवून आणायचं होतं. मुलाच्या लॅपटॉपवर ते उघडून पाहिलं. वाचनालयाचं दार उघडलं आणि लॅपटॉपनं तिथंच बसकण मारली.

"त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, बाबा," सूनबाई म्हणाली.

"अस्सं," मी म्हणालो. न कळलेल्या गोष्टीला मी असंच म्हणतो.

दुरुस्तीवाल्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो वाईट बातमी हळू आवाजात सांगतो. त्यानं लॅपटॉपचं खालचं झाकण काढलं, डोळ्याला भिंग लावलं आणि सुस्कारा सोडला.

"ग्राफिक्सची चिप. बोर्डावर जिथं डाग देऊन जोडलेली असते तिथून सुटत चाललीय. नवा बोर्ड यायला आठवडा लागेल."

"आणि दुपारपर्यंत?" सूनबाईनं विचारलं.

"गरम हवा देऊन बघतो. धरली तर धरली."

तो हवा देत होता तोवर मी दुकानात फेऱ्या घालत होतो. एका जागी बसणं मला जमत नाही. वायरींची भेंडोळी झाली, मेलेले कीबोर्ड झाले, मग हाताला चाळा म्हणून एक स्क्रू उचलला.

"काका, तो खाली ठेवा."

ठेवला. दुसरा उचलला.

"तोही."

इतक्यात घरून सौभाग्यवतींचा फोन आला. "झालं का हो काही? आणि तुम्ही फेऱ्या मारताय ना? चपला वाजतायत."

"उभा आहे मी."

"उभ्या माणसाच्या चपला वाजत नाहीत. तिचा जीव टांगणीला लागलाय, त्यात तुमच्या पायांना भिंगरी. बसा कुठंतरी."

लॅपटॉप सुरू झाला. पट्टे गेले. सूनबाई हसली आणि पट्टे परत आले. डॉक्टरांनी पुन्हा सुस्कारा सोडला, उघड्या बोर्डाखाली अंगठा नेऊन एका जागी दाबला. पट्टे गेले. अंगठा काढला, आले.

"असं दाबून धरलं तर चालेल."

"चिमटा लावा की," मी म्हणालो.

"चिमट्याला अंदाज नसतो, तडा जाईल. माणूसच पाहिजे. मी धरलं असतं, पण बाहेर गिऱ्हाईक खोळंबलंय."

सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही? एका जागी? न हलता?"

माझा एवढा अपमान कुणी इतक्या आदरानं केला नव्हता.

घरी पोचायला वेळ नव्हता, म्हणून दुकानाच्या मागच्या खोलीतच मांडामांड झाली. लॅपटॉपचा कोपरा टेबलाच्या कडेबाहेर काढला, त्याखाली मी बसलो आणि ते स्वामीवालं वाक्य म्हणालो. वरून सूनबाई म्हणाली, "बाबा, आता गप्प."

मुलाखत सुरू झाली. पलीकडून एक बाई आणि एक पुरुष बोलत होते. सूनबाई त्यांना दारातून आत घेऊन गेली, खिडकीशी उजेड कसा पडतो ते दाखवलं, मग जिना चढू लागली. मला पडद्याचा एक तिरपा तुकडा दिसत होता. पोरीनं काय सुंदर जिना केला होता.

आणि माझं नाक खाजलं.

उजवा अंगठा अडकलेला, डाव्या हातावर सगळा भार. नाक खांद्याला घासायला गेलो, पोचलं नाही. अंगठा किंचित सरकला. वर वाचनालय जांभळं झालं. मी पुन्हा दाबलं.

"हे काय होतं?" बाईंनी विचारलं.

"मुलांच्या विभागाचे रंग अजून ठरायचेत," सूनबाई म्हणाली आणि टेबलाखालून मला पायानं ढोसलं. सासऱ्याला सुनेची लाथ. पण मी तिच्या जागी असतो तर आणखी जोरात मारली असती.

खाज आता नाकावरून कपाळात गेली होती. अंगठा बधिर, बोर्ड तापलेला, पंख्याची गरम हवा थेट नाकावर. वर पुस्तकांची कपाटं चालली होती, गच्ची चालली होती. ही गच्ची कुठं संपतच नव्हती. मी हललो नाही. जन्मात पहिल्यांदा.

मग पलीकडे कुजबुज झाली आणि बाई म्हणाल्या, "छान आहे. सोमवारपासून याल का?"

"येते," सूनबाई म्हणाली आणि माईक बंद करून, वाकून टेबलाखाली माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले. "बाबा, तुमच्यामुळं. कसे आभार मानू?"

मला खरं तर आशीर्वाद द्यायचा होता, वाक्यही तयार होतं.

"बेटा," मी म्हणालो, "आधी जरा माझं नाक खाजव."