जिन्यात घुमलेला जुना शब्द

मी एक जुना शब्द आहे, मित्रांनो. माझे नाव 'खामास'. हिब्रू भाषेत, अन्याय झालेल्या माणसाच्या घशात माझा जन्म झाला आणि धर्मग्रंथात मी मोठा झालो. बलवान दुबळ्याला नागवतो, त्या दांडगाईचे मी नाव आहे. हत्याराने लुटा, खोट्या साक्षीने लुटा, नाहीतर गोड बोलून घराबाहेर काढा. माझ्या लेखी सगळे एकच. महापुराच्या कथेत सारी पृथ्वी माझ्याने भरली होती, म्हणून तर ती बुडाली. नाव वाईट गोष्टीचे, पण मान माझी ताठ! कारण नाडलेला माणूस मदतीसाठी माझेच नाव घेऊन ओरडत असे. संदेष्ट्यांनी तर थेट देवालाच माझ्या नावाने जाब विचारला.

पुढे भाषांतरे झाली आणि पुष्कळांनी मला नुसती 'मारामारी' करून टाकले. रक्त सांडले तरच मी! ते फार जिवाला लागले.

परवा एक भाषांतरकार बाई माझ्यापुढे बसल्या होत्या. त्यांनीही 'मारहाण' लिहिले. शेजारची खोली त्यांच्या धाकट्या बहिणीची. आई गेली आणि थोरल्या भावाने ती खोली आपल्या नावावर करून घेऊन नवे कुलूप ठोकले. धाकटीचे शिलाई मशीन जिन्यात आले, आणि मशीनपाशी पायरीवर ती. बाईंची स्वतःची खोली शाबूत होती, म्हणून त्या इतके दिवस गप्प होत्या.

"दादा, हे बरं नाही हं," थोरले भाऊ दारात डोकावले तेव्हा त्या कशाबशा पुटपुटल्या.

"मी काय हात उगारला का तिच्यावर? सगळं कायदेशीर आहे."

बाईंची नजर पानावरच्या माझ्यावर गेली: हात न उगारताही मीच घडलो होतो. मग त्यांनी 'मारहाण' खोडून 'जुलूम' लिहिले, उठल्या आणि जिन्यात जाऊन ओरडल्या, "जुलूम आहे हा! ऐकताय का कुणी? माझ्या बहिणीला घराबाहेर काढलंय!"

वरखालची दारे उघडली. कोणी ओल्या हातांनी आले, कोणी चष्मा कपाळावर चढवून.

"अहो, सख्खी बहीण ना तुमची?" वरच्या मजल्यावरच्या आजींनी दादांना विचारले.

दादांचे तोंड एवढेसे झाले. त्यांनी किल्ली काढली. मशीन आत नेताना एक बाजू त्यांनाच धरावी लागली. इतक्या शतकांनी, परक्या भाषेत, मी पुन्हा कामी आलो होतो. मला छाती असती तर ती फुगून फुटली असती!

मित्रांनो, फुटकळ भांडणात मला झिजवू नका. पण कोणी खरेच माझे नाव घेऊन ओरडले, तर आपले दार लावून घेऊ नका. एक दिवस देशात माझा आवाजच ऐकू येणार नाही, असे वचन त्याच ग्रंथात आहे. त्या दिवशी मी बेकार होईन, आणि माझी मान आजच्याहून ताठ असेल.