लाल काठाचं लुगडं

बेसा गावच्या मंदिरातल्या सप्ताहाचा कलश यंदा डोक्यावर घ्यायला मिळाला, तर पंचफुलाबाईंच्या पदरात काय पडणार होतं? बावीस दारांत पायांवर पाणी, एक नारळ, आणि भजनी मंडळाच्या प्रमुख रुख्माबाई चक्क त्यांच्या मागून चालणार. एवढ्यासाठी त्यांनी अकरा वर्षं मंदिराच्या सतरंज्या झटकल्या होत्या. फरशी पुसायला घरची जुनी सुती लुगडी दिली होती, तीही एकूण एक. उमरेडच्या भावानं कलशासाठी हातमागावर खास लुगडं विणून पाठवलं होतं. लाल काठाचं.

सप्ताह पंधरा दिवसांवर आला आणि सून काजलच्या सोनोग्राफीत दिसलं, की बाळाच्या डोक्याची कवटी तयारच झालेली नाही. जन्मलं तरी काही तासांचं. तिसऱ्या दिवशी काजल म्हणाली, "आई, चार महिने अजून असं वाढवणं माह्याच्यानं नाही होत."

त्या संध्याकाळी रुख्माबाई आल्या. बाई दुष्ट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवतो. तीस वर्षांपूर्वी त्यांचंही लेकरू असंच एक दिवस जगलं होतं.

"एक दिवस मांडीवर होता वं माह्या. तो दिवस मी कोणाले देणार नाही. देवानं देल्लं, देव नेईन. आपण काहून हात लावायचा?"

"तुमचं मन होतं, तुम्ही सोसलं. हिचं मन नाही होऊन राहिलं. सोसायचं तं हिलेच आहे ना?"

"पाप लागते, पंचफुला!"

"लागन तं लागन. देवाले माह्या घरचा पत्ता मालूम आहे. अकरा वर्सं त्याच्याच सतरंज्या झटकून राहिली मी."

रुख्माबाईंना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. पोट पाडलेल्या घरात कलश द्यायचा नाही, हा मंडळाचा नियम त्यांनीच केलेला. त्या आवाज उतरवून म्हणाल्या, "आपोआप गेलं म्हण. कोणी विचारत नाही. कलशही राहीन."

सौदा वाईट नव्हता. एका वाक्यात अकरा वर्षं वसूल. पंचफुलाबाईंनी खरोखर विचार केला. चहा निवेपर्यंत केला. मग त्यांची नजर दाराआड उभ्या काजलकडे गेली.

"नाही जी. मी लपवलं तं पोरीनं चोरी केली असं होईन. तिनं चोरी नाही केली."

दवाखान्यातून आणल्यावर काजलचं पोट बांधायला जुनं लुगडं हवं होतं. घरात एकही नाही. सगळी मंदिराच्या फरशीवर. पंचफुलाबाईंनी कपाट उघडलं, लाल काठाचं काढलं, दोनदा धुऊन त्याची खळ घालवली आणि मधोमध टरकावलं.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी मिरवणूक दारात आली. कलश रुख्माबाईंच्या डोक्यावर. पंचफुलाबाई तांब्या घेऊन वाकल्या, पायांवर पाणी घातलं. रुख्माबाईंची नजर आत खाटेवर गेली. काजलच्या कमरेला लाल काठ दिसत होता.

"पोरगी कशी आहे वं?"

"आज जेवली."

मिळालं कोणाला काय, ते देव जाणे. मोल कोणी काय भरलं, ते दिसत होतं. काजलनं लेकरू, पंचफुलाबाईंनी कलश. रुख्माबाईंचं तीस वर्षांपूर्वीच भरून झालं होतं. तांब्या रिकामा झाला, मागचे टाळ थांबले, तरी त्या दारातून त्यांचा पाय निघत नव्हता.