उलट्या आट्यांचा नट

मी एक जुना नट आहे, मित्रांनो, पण हट्टी मुळीच नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गॅरेजात माझी फार बदनामी झाली आहे.

एका टॅक्सीचे डावे चाक आम्ही पाच भाऊ धरून आहोत. कारखान्यात मला लोखंडी सळीतून कापले, सहा कोपरे दिले आणि आत आटे पाडले. तेही उलटे. चाक फिरताना नट सैल होऊ नयेत म्हणून आमच्या जुन्या गाडीच्या डाव्या चाकाला असेच नट लावतात. बाकीचे नट डावीकडे फिरवले की सुटतात, मी आवळतो. उन्हातान्हात, खड्ड्याखुड्ड्यांतून धावलो, पण चाक कधी डगमगू दिले नाही. टॅक्सीवाले काका रोज सकाळी आम्हाला फडक्याने पुसत. तेवढ्या कौतुकावर आम्ही खूश होतो.

परवा ब्रेक करकरू लागले म्हणून काकांनी गाडी गॅरेजात आणली. ते गॅरेज नवराबायको मिळून चालवतात. नवऱ्याने उजवे चाक चुटकीसरशी काढले आणि त्याच तोऱ्यात येऊन मला पाना लावला. जोर दिला तो डावीकडे. मला जे शिकवले होते तेच मी केले. आवळलो.

"हलला बघ," तो बायकोला म्हणाला. हललो होतो खरा, पण आत.

मग त्याने पान्याला लांब नळी अडकवली आणि तिच्यावर चक्क उभा राहिला. पाना सटकला, माझे कोपरे गोल झाले. चूक त्याची, आणि शिव्या मला. शेवटी त्याने छिन्नी काढली.

"जरा जपून हो," काका म्हणाले. "नटाच्या आतला असला बोल्ट आता मिळत नाही. तो तुटला तर गाडी घरी बसेल, आणि मीही."

"काका, हा हट्टी आहे. चिरल्याशिवाय ऐकायचा नाही."

पहिला घाव बसला. मी घाबरलो, आणि त्याहून जास्त संतापलो. दुसऱ्या घावासाठी हातोडा वर गेला तेवढ्यात बायकोने त्याचा हात धरला.

"थांबा की जरा. हलतोय म्हणता, मग बाहेर का येत नाही?" तिने बोल्टच्या टोकावरची घाण बोटाने पुसली. खाली 'एल', म्हणजे 'लेफ्ट'चे, अक्षर कोरलेले होते. "अहो, उलटे आटे आहेत हे. मघापासून तुम्ही आवळताय त्याला."

नवऱ्याने छिन्नी खाली ठेवली. मग म्हणाला, "तुझ्या लक्षात येतंय का, तेच बघत होतो."

काकांनी हसू लपवायला तोंड फिरवले.

तिने कानशीने माझ्या दोन बाजू सपाट केल्या, लहान मापाचा पाना ठोकून बसवला आणि उजवीकडे जोर दिला. एकदा करकरलो आणि निमूट सुटलो, माझ्यामागून भाऊही सुटले. बोल्ट शाबूत होता.

"टाक भंगारात," नवरा म्हणाला.

"आटे चांगले आहेत. दुसरा मिळेपर्यंत हाच लागेल," ती म्हणाली.

काम झाल्यावर नवऱ्यानेच मला परत लावले. पाना हातात घेऊन थबकला, बायकोकडे पाहिले आणि डावीकडे फिरवला. मी लगेच घट्ट बसलो. काका गाडी घेऊन गेले.

मित्रांनो, एखादी वस्तू ऐकत नसेल तर जोर वाढवण्याआधी तिची रीत पाहा. आणि तरीही कोणाला मला हट्टीच म्हणायचे असेल, तर खुशाल म्हणा. उद्या पुन्हा कोणी उलट्या बाजूने माझ्यावर उभा राहिला, तर मी पुन्हा आवळणार.